चाळीस वर्षांचा मेंटेनन्स

"आम्ही चाळीस वर्षं मेंटेनन्स भरतोय. एक महिना चुकवलेला नाही. मग ते पैसे गेले कुठे?" गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरच्या काकूंनी उभं राहून हे विचारलं, तेव्हा कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. सभेपुढे मोठ्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक होतं, ७५ लाखांचं. सोसायटीच्या निधीत होते ११ लाख. उरलेले ६४ लाख ३२ घरांत वाटले की घरटी दोन लाख. काकू महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बेळगावला दिलेली. आजारपणासाठी म्हणून बाजूला ठेवलेली त्यांची एक मुदत ठेव आहे, ती जवळपास सगळी यात जाणार होती. सेक्रेटरींनी जुने ताळेबंद काढले. पाणीपट्टी, मालमत्ता कर, जिन्यातल्या दिव्यांचं आणि पंपाचं बिल, सफाई, वॉचमनचा पगार असं एकेक वाचून दाखवलं. सगळं खरं होतं, एका पैशाचाही घोळ नव्हता. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचं ते "बरं" मला पुढे कित्येक दिवस सोडेना. त्यांनी विचारलं होतं एक आणि आम्ही सांगितलं होतं भलतंच.

मी सोसायटीची खजिनदार आहे. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे कागदांची भीती वाटत नाही. सभेनंतरच्या रविवारी जिन्याखालच्या ऑफिसची किल्ली घेतली आणि लोखंडी कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा आणि दमट कागदाचा एकत्र वास आला. फायली वर्षवार नीट बांधलेल्या, वर लाल शाईने आर्थिक वर्ष घातलेलं. आमचे पहिले खजिनदार हे काम मन लावून करायचे, हे त्यांच्या अक्षरावरून कळत होतं. व्हाउचरांच्या टाचण्या गंजून कागदावर तांबूस डाग पडले होते, काही ठिकाणी टाचणी काढताना तेवढा कागद तिच्याबरोबर निघून येत होता. आणि व्हाउचरवर काय लिहिलेलं? 'प्लंबिंग काम, ३,२००.' 'गच्ची दुरुस्ती, ४५,०००.' 'टाकीचे काम, १४,५००.' सही आहे, रेव्हेन्यू स्टँप आहे, ऑडिटरची हिरवी टिक आहे. पण कुठल्या विंगची गच्ची? वरची टाकी की जमिनीखालची? गळत होती म्हणून केलं की पावसाळ्यापूर्वीची खबरदारी म्हणून? कुठलं मटेरियल वापरलं, किती वर्षांची हमी होती, आणि ती संपायच्या आत पुन्हा गळायला लागलं तेव्हा कुणाला बोलावलं? यातलं काहीच नाही. सगळं मिळून ताळेबंदात एका ओळीत येऊन बसलेलं: दुरुस्ती व देखभाल.

त्या दुपारी मला पहिल्यांदा लख्ख कळलं की आमचा हिशेब वर्षाप्रमाणे लावलेला आहे आणि इमारत झिजते ती जागेप्रमाणे.

बी विंगच्या मागच्या डक्टला मार्च अखेर ठाऊक नाही. तिथला सांडपाण्याचा पाइप एकदा फुटला की त्याचं पाणी तिथल्याच तुळईत मुरतं, आणि त्या तुळईवर गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा हात फिरवला, किती पैसे घातले, हे शोधायचं म्हटलं तर आमच्या चाळीस फायलींतून हाती काही लागत नाही. काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या डक्टमध्ये होतं. ते द्यायला लागणारी माहिती आम्ही कधी लिहूनच ठेवली नव्हती.

स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीसाठी, जे इंजिनिअर आले होते, ते वयाने लहान पण मनापासून समजावून सांगणारे. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर फिरले. जिन्याजवळच्या खांबावर त्यांनी आधी हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. एका जागी आवाज भरीव, हातभर खाली पोकळ. मग छिन्नीने काँक्रीटचा एक ढलपा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण त्यावर फवारलं. फिनॉल्फ्थॅलिन. बघता बघता आतला भाग गडद राणी रंगाचा झाला आणि बाहेरचा पट्टा राखाडीच राहिला. जिथे रंग चढला तिथलं काँक्रीट अजून अल्कधर्मी, म्हणजे आतल्या सळईला सांभाळणारं. जिथे चढला नाही तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून ते संरक्षण संपलेलं. त्यांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "ताई, अठरा मिलिमीटर." सळई वीस मिलिमीटरवर होती. एकदा हा संरक्षण गेलेला थर सळईपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आतून फुगून काँक्रीट फोडतो. आपल्या छताचे पोपडे पडतात ते असे. आपण त्यावर प्लास्टर मारून घेतो, रंग लावतो, आणि गंज आत चालूच राहतो.

मग त्यांनी विचारलं, "मागच्या ऑडिटला इथेच किती होतं?" मागचा अहवाल होता आमच्याकडे, स्पायरल बाइंडिंग केलेला. त्यात लिहिलं होतं की चाचण्यांचे आकडे सोबतच्या जोडपत्रात पाहावेत. जोडपत्र नव्हतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, नियम आहे की १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हावं. तो नीट पाळला असता आणि आकडे जपले असते, तर आज या एका खांबाच्या निदान तीन-चार नोंदी हातात असत्या. हा थर सुरुवातीला भराभर शिरतो आणि पुढे मंदावतो, ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे २५ वर्षांत १५ मिलिमीटर गेला असेल तर विसापर्यंत पोचायला त्याला आणखी साधारण १९ वर्षं मिळतात. हे २५ व्या वर्षी माहीत असतं तर एकोणीस वर्षांचा अवधी हाताशी होता. त्या अवधीत करायचं काम स्वस्त असतं: गळती थांबवणं, वेळच्या वेळी रंग, भेगा बुजवणं. डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ मध्ये याचा एक ढोबळ नियम मांडला होता, तो बांधकामवाल्यांच्या जगात अजून सांगितला जातो. बांधतानाच नीट केलं तर जिथे एक रुपया पुरतो, तिथे गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीला पाच, गंज सुरू झाल्यावरच्या दुरुस्तीला पंचवीस आणि सगळीकडे पसरल्यावर सव्वाशे. आकडे अगदी तंतोतंत धरायचे नसतात, पण उतार कुठल्या बाजूला आहे ते त्यातून कळतं. आमचे ७५ लाख पंचवीसच्या पायरीवरचे आहेत. पाचच्या पायरीवर आम्ही होतो तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तेव्हा इमारत छान दिसत होती.

माझं आजोळ कणकवलीजवळ. जांभ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, पुढे सारवलेलं खळं. वैशाख सरत आला की घर शाकारायला माणसं यायची. जुने नळे उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, चांगले पुसून परत बसवायचे. वरून धूळ आणि वाळक्या पाचोळ्याचा भुगा पडत राहायचा, नळ्यांचा एकमेकांवर घासल्याचा खरखरीत आवाज दिवसभर चालायचा आणि आम्हा मुलांना खळ्याच्या पलीकडे पिटाळलेलं असायचं. शाकारणारा वरून हाक द्यायचा, "अण्णा, हयलो वासो कुसलो हा." आजोबा खालून मान वर करून बघायचे, कुठला ते विचारायचे, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की वहीत लिहायचे: माजघर, पूर्वेकडून तिसरा वासा, बदलला, लाकूड किंजळ. त्यांची ती वही खोल्यांप्रमाणे होती. माजघराची पानं वेगळी, पडवीची वेगळी, गोठ्याची वेगळी. खर्च समासात, कारण त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं ते वाशाचं वय. पुढच्या वर्षी शाकारणी आली की ते वही उघडून सांगायचे, देवघरावरचे वासे आधी बघा, ते सगळ्यांत जुने.

मला ते जग स्वर्ग होतं असं म्हणायचं नाही. पावसात मध्यरात्री गळतीखाली पातेली मांडणारी आजी मी पाहिली आहे, आणि तिला सिमेंटच्या स्लॅबचं किती अप्रूप होतं तेही. पण कौलारू घर दर वर्षी आपला हप्ता वसूल करायचं. एक वर्ष टाळलं की पुढच्या आषाढात घरात पाऊस. स्लॅबने आपल्याला दहा-वीस वर्षं न बघता राहायची मुभा दिली, आणि आम्ही ती पुरेपूर घेतली. खर्च थांबला नव्हता, तो फक्त दिसत नव्हता. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला आणि त्याला १६,११० रुपये लागले, हे पुण्यात गाइडपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे सांगतात. बांधायला काय लागलं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो. घर घेतलं तेव्हाचा भाव आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ते राखायला काय लागलं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सिंकिंग फंडाचंच घ्या, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी वर्षानुवर्षं साठवायच्या निधीचं. उपविधीप्रमाणे तो घराच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का, जमिनीची किंमत सोडून. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. हे 'किमान' आहे, सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते. आमच्या सभेने कधी ठरवलं नाही, आणि मी ओळखते त्या बहुतेक सोसायट्यांनीही नाही. आता हिशेब करून बघा. १९८५ साली एका घराचा बांधकाम खर्च एक लाख धरला तर पाव टक्क्याने वर्षाला अडीचशे रुपये, महिन्याला एकवीस रुपयांच्या आत. चाळीस वर्षांत दहा हजार, म्हणजे मूळ बांधकाम खर्चाच्या दहा टक्के, आणि तोही खर्च १९८५ च्या भावाने. त्यावर व्याज मिळालं, हे खरं. पण सिमेंट, सळई आणि मजुरी यांचे भाव आमच्या मुदत ठेवीसाठी थांबले नाहीत. नियम पाळला, रक्कम भरली, पावती घेतली, आणि तरी निधी अपुरा. कारण तो आकडा इमारतीकडे बघून काढलेलाच नव्हता. या गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वर्षं टिकतं, हा रंग कधी जातो, हे जिन्यातले पाइप कधी बदलावे लागतील, त्या प्रत्येकाला तेव्हा काय भाव असेल, आणि मग त्यासाठी आजपासून महिन्याला किती बाजूला काढायचे, असा उलटा हिशेब केला असता तर १९८५ मध्ये आणखी तीस रुपये, नव्वदीत आणखी साठ-सत्तर, पुढे शंभर-दोनशे असं काहीतरी आलं असतं. काकूंच्या पगारातून ते गेले असते. पेन्शनमधून दोन लाख जाणं निराळं.

लाइफ सायकल कॉस्टिंग, म्हणजे वस्तूचा आयुष्यभराचा खर्च मोजणं, म्हणतात ते हेच. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५६८६ चा पाचवा भाग. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही इमारतींच्या आणि सुविधांच्या व्यवस्थापनावर स्वतंत्र बारावा भाग आहे. पण मला ते उमगलं आमच्या पंपरूममध्ये. पाच हॉर्सपॉवरचा पंप बदलायचा होता आणि दोन कोटेशनं आली होती, एक ३२ हजारांचं, एक ४१ हजारांचं. कमिटीत पाच मिनिटांत ३२ चं पास व्हायच्या बेतात होतं. मी एक कागद घेतला. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॉट, मोटरमधली घट धरून विजेच्या मीटरवर सव्वाचारच्या वर. दिवसाला चार तास चालला तर सुमारे १७ युनिट, वर्षाला सहा हजारांहून जास्त, आणि युनिटला दहा रुपये धरले तर साठ हजारांच्या वर बिल. म्हणजे पंप फुकट मिळाला तरी दहा वर्षांत तो सहा लाखांची वीज खाणार. दुसरा पंप दहा टक्के जरी कमी वीज खात असेल तरी नऊ हजारांचा फरक दीड वर्षात वसूल. कमिटीतले सगळे शिकलेले, घरी गाडी घेताना मायलेज विचारणारे. पंपाच्या बाबतीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, एवढंच.

पण तिथेही अडलंच. जुना पंप रोज किती तास चालतो? कुणी लिहिलेलं नाही. वॉचमन म्हणाला, टाकी भरेपर्यंत. किती वेळा रिवाइंड झाला, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळावी लागली? व्हाउचरांत 'मोटर रिवाइंडिंग' चार ठिकाणी सापडलं, पण आमचे पंप दोन आहेत आणि कुठला ते लिहिलेलं नाही. पंपाच्या अंगावर कंपनीची पाटी असते, तिच्यावर क्षमता, वर्ष, नंबर. आमच्याकडे दिवाळीआधी पंपरूमला रंग देताना कुणीतरी पंपालाही हिरवा ऑइलपेंट दिला होता, पाटीसकट. मी थिनरच्या बोळ्याने ती पुसत बसले. आधी एक आकडा दिसला, मग एक अक्षर. त्या ओल्या, घुमणाऱ्या खोलीत उकिडवं बसून एका पंपाचं जन्मवर्ष वाचताना मला अपार समाधान वाटलं, ते का ते नीट सांगता येणार नाही.

रंगकामाची गोष्ट तशीच. एक कंत्राटदार २० लाखांत करतो, रंग चार वर्षं टिकतो. दुसरा २८ मागतो आणि आठ वर्षं टिकवतो. वर्षाला पाच लाख की साडेतीन, हे पाचवीतलं पोर सांगेल. शिवाय परांची दोनदा बांधायचा खर्च वेगळा, खिडक्या बंद करून घरात कोंडून घ्यायचे महिने वेगळे. पण 'चार' आणि 'आठ' हे आकडे आणायचे कुठून? कंत्राटदार सगळेच दहा म्हणतात. ते कळतं फक्त आपल्या आधीच्या कामावरून: केव्हा केलं, कुठला रंग, नैर्ऋत्येकडची पावसाची भिंत कितव्या वर्षी ओली दिसायला लागली. ही एक ओळ कुणी लिहून ठेवली असती तर आठ वर्षांत तिची किंमत बारा लाख होती. ती नसली की सभेत हात वर होतात ते सर्वांत कमी आकड्याला, आणि त्यात हात वर करणाऱ्यांचा दोष धरता येत नाही. त्यांच्यासमोर तुलना करायला दुसरा आकडाच ठेवलेला नसतो.

एवढी वर्षं ही माहिती कुठेच नव्हती असंही नाही. ती आमच्या प्लंबरच्या डोक्यात होती. ओडिशातल्या केंद्रपाड्याचा माणूस, मुंबईतल्या कितीतरी प्लंबरांसारखा. आमच्याकडे यायला लागला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं, आता चष्म्याशिवाय आटे दिसत नाहीत. गावी कायमचा परतायचं म्हणत होता, तेव्हा मी त्याला म्हटलं, जायच्या आधी मला सगळी इमारत दाखव. गच्चीपासून सुरुवात केली. तो बोट दाखवत होता आणि मी लिहीत होते. "ताई, ही डाउनटेक लाइन, टाकीतून खाली येणारी, दोनदा बदलली. पण तिसऱ्या मजल्यापासून खाली आत जुनाच जीआयचा लोखंडी पाइप आहे, तेव्हा पैसे संपले होते." "इथे व्हॉल्व्ह आहे, टाइल्सच्या मागे. यांच्या नवीन बाथरूममध्ये झाकला गेला." एका भिंतीला कान लावून म्हणाला, "इथे पाणी चालू आहे, ऐका." मी कान लावला. भिंत गार होती आणि आत अगदी बारीक, सलग सुर्र असा आवाज येत होता. ते घर तेव्हा बंद होतं, मालक पुण्याला. किती महिने ते पाणी असं वाहत होतं देव जाणे. माझ्या वहीची अर्धी पानं त्याच्या सांगण्याने भरली. ही वही मी आजोबांसारखी जागेप्रमाणे लावली आहे.

नुसती नोंद असून मात्र भागत नाही, ती खरी असावी लागते. मी नोकरीला असताना सीएसएमटी स्थानकाजवळच्या हिमालय या पादचारी पुलावरून रोज गेलेली आहे. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, तो कोसळला आणि घरी निघालेली माणसं मेली. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्त्या करून वापरता येईल असा शेरा अहवालात होता. कागद नव्हता असं नाही, कागद खोटं बोलत होता. कागद नसलेला माणूस निदान बिचकून चालतो. तेव्हापासून कुठल्याही अहवालात 'समाधानकारक' हा शब्द दिसला की मी विचारते, कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, कशाने मोजलं? आमच्या इंजिनिअरांना मी प्रत्येक चाचणीच्या जागेचा फोटो मागितला, जिन्याच्या कितव्या पायरीपासून किती उंचीवर हे लिहून मागितलं. त्यांनी कुरकुर केली नाही. उलट म्हणाले, असं कुणी मागत नाही म्हणून आम्ही देत नाही.

सर्वांत अवघड गेलं ते घरांच्या आत जाणं. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं, हे नंतर पुढे आलं. आमच्याकडेही चाळीस वर्षांत कुणी हॉल मोठा केला, कुणी बाल्कनी आत घेतली, कुणी मोरी सरकवली. मी वही घेऊन बेल वाजवली की दार अर्धंच उघडायचं. लोकांना वाटायचं, दंड लावायला आली. एकांनी स्पष्टच विचारलं, "हे लिहून तुम्ही नंतर आमच्यावरच वापरणार ना?" त्यांची भीती खोटी नव्हती. वजन पेलणारी भिंत किंवा तुळई तोडलेली निघाली तर मला ती लपवता येणार नव्हतीच. मी त्यांना तसंच सांगितलं: तुळईला हात लागला असेल तर बोलावं लागेल, बाकी टाइल्स कुठल्या आणि पाइप कुठून नेला हे फक्त पुढच्या दुरुस्तीसाठी हवंय. काहींनी दाखवलं. काहींनी अजून दाखवलेलं नाही, आणि वहीत त्या घरांपुढे मी 'पाहिले नाही' असंच लिहिलं आहे. तिथे अंदाजाने 'ठीक' लिहिण्याचा मोह होतो, पण तसं लिहिलं की बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

काकूंकडे मी ही वही घेऊन गेले होते. त्यांनी चहा केला, चष्मा लावून पानं उलटली, शिक्षिकेच्या सवयीने एका ठिकाणी माझं शुद्धलेखनही सुधारलं. मी त्यांना सांगितलं की पैसे कुठे गेले नाहीत काकू, ते पुरेसे कधी घेतलेच गेले नाहीत. आपण सगळ्यांनी कमी मेंटेनन्स हीच चांगली कमिटी असं धरलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण तेव्हा कुणी मागितले असते तर मी दिले असते." त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. हा खर्च येण्याआधीच चार घरं विकून लोक ठाण्याला, पुण्याला गेले. त्यांनी वापरलेल्या वर्षांची झीज त्यांच्या जागी आलेले भरताहेत. वाढीव वर्गणी चोवीस हप्त्यांत घ्यायची, एवढं सभेकडून करून घेता आलं.

आणि या सगळ्यावर एक वाक्य तरंगत असतं: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला पैसे घालता?" मुंबईत जुन्या इमारतीत राहणाऱ्याने हे ऐकलं नाही असं होत नाही. या एका वाक्याने किती गच्च्या गळत राहिल्या असतील! आमच्याकडेही एका विकासकाशी बोलणी चालू आहेत. दुरुस्तीतलं धोक्याचं तेवढं काम आधी करायचं, हे ठरलं, कारण बोलणी किती वर्षं चालतील ते कुणी सांगू शकत नाही आणि तोवर छताखाली माणसं राहणार आहेत. बैठकीत लोक विचारतात ते कार्पेट एरिया, भाडं, आणि कॉर्पस, म्हणजे विकासक देतो तो एकरकमी निधी. साहजिक आहे. लहान घरात दोन पिढ्या काढलेल्यांना जास्तीच्या दोनशे चौरस फुटांचं मोल मी कुठल्या तोंडाने कमी सांगू? पण आज आमच्याकडे आहेत चार मजले, एक जिना आणि दोन पंप. उद्या बावीस मजले, चार लिफ्ट, आगीचे वेगळे पंप, सांडपाणी शुद्धीकरण, यांत्रिक पार्किंग, समोर काचेचा दर्शनी भाग. माझी मावसबहीण अशाच एका टॉवरमध्ये राहते. त्यांचा कॉर्पस सुरुवातीलाच वाटून झाला, आणि आता पार्किंगचा एक मजला कित्येक महिने बंद आहे, कारण दुरुस्तीचा खर्च कुणाच्या हिशेबातच नव्हता. तिच्या सासऱ्यांना मेंटेनन्ससाठी आता मुलाकडे हात पसरावा लागतो, आणि घराची किंमत मात्र कोटींत.

म्हणून मी विकासकाच्या प्रतिनिधींना एक तक्ता दिला आहे. डाव्या बाजूला इमारतीतली प्रत्येक मोठी वस्तू, जागेसकट. पुढे रकाने: किती वर्षं टिकते, हे कशावरून, बदलायला आजच्या भावाने किती, वर्षाची वीज किती, सुटे भाग कुठून येतात. शेवटी तीस वर्षांची बेरीज आणि त्यावरून दरमहा दर चौरस फूट किती. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तीस दिवसांत सगळे नकाशे आणि कागदपत्रं संस्थेच्या ताब्यात द्यायची असतात. ती कुठल्या स्वरूपात हवीत, तेही लिहून दिलं: मजल्याप्रमाणे, पाइप आणि वायर प्रत्यक्षात जिथून गेले तसे, मंजुरीच्या वेळी काढलेले नव्हेत. ते गृहस्थ सौजन्याने बोलले. सल्लागारांना विचारावं लागेल म्हणाले, आणि पंधरवड्याने लिफ्टचे आणि आगीच्या पंपांचे आकडे आले. मी ते 'कशावरून' हा रकाना भरून परत मागितले आहेत. यांत्रिक पार्किंगच्या साखळ्या आणि मोटरी कितव्या वर्षी बदलाव्या लागतात, ती ओळ अजून रिकामी आहे. ती भरून येईपर्यंत कॉर्पसचा आकडा सभेपुढे ठेवायचा नाही, असं कमिटीत एकमताने ठरलं आहे, आणि तसं इतिवृत्तात लिहिलंही आहे.